स्विच बंद होता

१

गुरुवारी सकाळी सात वाजता करंजाड्याच्या माळावर जे घडलं, ते नऊच्या आत सगळ्या पनवेलच्या तोंडी झालं, आणि दहा वाजेपर्यंत त्यात एक शाप, दोन भुतं आणि मिठागरात बुडालेली एक बाई येऊन मिसळली. घडलं होतं ते एवढंच: विमानाचा पंखा हाताने फिरवताना जगन घरतचा उजवा हात कोपराच्या वर तुटला. पंख्याच्या लाकडाला साधी चीरसुद्धा गेली नव्हती.

१९५८ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. त्या वर्षी भातावर लष्करी अळी पडली, आणि मुंबईच्या एका कंपनीने औषधाची भुकटी मारायला एक छोटं विमान पनवेलला आणलं. माळावर पत्र्याची शेड उभी राहिली. उडवायला कॅप्टन धर्मराज, इंजिन सांभाळायला दिनानाथ टिपणीस, राखणीला विठू, आणि पोती उचलण्यापासून पंखा मारण्यापर्यंत बाकी सगळ्याला जगन. जगन करंजाड्याचाच, मिठागरावर वाढलेला आगरी गडी. महिनाभरात तो त्या विमानाला घरच्या बैलासारखा सरावला होता.

असल्या विमानाला स्टार्टर नसतो. एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. आधी स्विच बंद ठेवून चार फेरे, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जातं. मग स्विच चालू करून एकच झटका. स्विच बंद असेपर्यंत इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. त्या सकाळी स्विच बंद होता. कॅप्टनने तसं ओरडून सांगितलं, जगनने स्वतः पाहिलं, पंख्याजवळ उभ्या असलेल्या दिनानाथनेही पाहिलं. तरी तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं.

जगन खाली पडायच्या आत दिनानाथच्या लक्षात आलं होतं की हे कशामुळे झालं.

या इंजिनात ठिणगी पाडतो तो मॅग्नेटो. त्याला बॅटरी लागत नाही. पंखा फिरला की तो स्वतःच वीज तयार करतो. त्याला गप्प करायचं तर ती वीज एका तारेने विमानाच्या लोखंडी अंगात जिरवावी लागते. स्विच बंद करणं म्हणजे ती वाट उघडणं, दुसरं काही नाही. ती तार सुटली, की स्विच कितीही बंद असो, इंजिन जागंच राहतं.

आणि आदल्या दिवशी दुपारी त्याच इंजिनाचा मॅग्नेटो दिनानाथने उतरवून साफ केला होता, परत बसवून त्याचा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायचा नेमका क्षण, लावला होता. मॅग्नेटो उतरवताना ती तार सोडावीच लागते. मग परत लावली होती का? जगनला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत दिनानाथ एवढी एकच गोष्ट आठवत होता. त्याला सगळं आठवलं. उन्हाचा तिरपा पट्टा आठवला, हाताला लागलेलं ग्रीस आठवलं. तार तेवढी आठवली नाही.

इंजिनाचं झाकण उघडून बघायचा त्याला धीर झाला नाही. त्याने शेडीला कुलूप घातलं, किल्ली पोलीसपाटलाकडे दिली आणि घरी जाऊन बसला.

२

शुक्रवारी सरकारी तपासनीस आले. कमळाकर चित्रे, वय पन्नाशीचं, अंगावर खादीचा बुशशर्ट, आणि आयुष्यभर इंजिनांशेजारी उभं राहून डावा कान गेलेला. त्यामुळे ते समोरच्याकडे नेहमी तिरके बसत आणि समोरच्याला वाटे, साहेबांचा आपल्यावर विश्वास नाही.

"साहेब, मीच विसरलो," दिनानाथ म्हणाला. नमस्कारही करायचा राहिला.

"बसा. मी अजून काही विचारलेलं नाही."

"तार लावायची राहिली. माझ्यामुळे एका माणसाचा हात गेला. लिहून घ्या, मी सही करतो."

चित्र्यांच्या कपाळाला आठी पडली. कबुली देणारी माणसं त्यांना आवडत नसत. कबुली दिली की माणूस मोकळा होतो आणि काय घडलं ते तसंच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

"सही तर तुम्ही आधीच एक केलेली आहे." त्यांनी विमानाचं रजिस्टर पुढे सरकवलं. "बुधवार, सायंकाळी साडेपाच. 'टायमिंग लावला. इंजिन चालवून पाहिलं. स्विच बंद केल्यावर इंजिन बंद होतं.' हे खरं?"

हे कोणी विचारेल असं दिनानाथला वाटलं नव्हतं. उजेड जात होता, कॅप्टनला सकाळी लवकर निघायचं होतं, आणि अकरा वर्षांत त्याचा टायमिंग कधी चुकला नव्हता. त्याने आधी लिहिलं होतं, सकाळी चालवूच असं म्हणून.

"नाही," तो म्हणाला. "चालवून पाहिलं नाही. नुसतंच लिहिलं."

"म्हणजे तार होती की नव्हती, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही." चित्र्यांनी रजिस्टर मिटलं. "मी सकाळी झाकण उघडून पाहिलं, टिपणीस. तार सुटलेलीच आहे."

अपेक्षित होतं तेच दिनानाथने ऐकलं. काल जीपमध्ये जगनचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"पण तुमची कबुली मी घेणार नाही," चित्रे उठत म्हणाले. "आधी बुधवारी केलंत ते सगळं मला परत करून दाखवा. जसंच्या तसं. बोलायचं नाही."

३

इंजिनाचे सगळे प्लग काढले, म्हणजे आता पंखा फिरवला तरी काही पेटणार नव्हतं. तरी पंख्याला हात लावण्याआधी दिनानाथने प्लगची रिकामी भोकं एकदा मोजली. लाकूड कोणीतरी धुऊन काढलं होतं.

त्याने पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला आणि पंखा हळूहळू फिरवला. आतून हवा अंगठ्याला ढकलू लागली. दाब येतोय. आता पंखा केसाकेसाने पुढे, खुणेपर्यंत. खूण जराशी ओलांडली गेली. तेवढंच मागे आणून भागत नाही. आतल्या दातेरी चाकांमध्ये सैलपणा असतो, तो फसवतो. त्याने पंखा चांगला हातभर मागे नेला आणि पुन्हा पुढे आणत खुणेवर थांबवला.

मग खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढला. दिनानाथ विडीसुद्धा ओढत नसे; कागद याच कामाचे. मॅग्नेटोच्या आतल्या धातूच्या दोन टिकल्यांच्या मध्ये तो कागद धरला आणि मॅग्नेटो हळूच वळवायला लागला. टिकल्या मिटलेल्या आहेत तोवर कागद घट्ट बसतो. त्या उघडायला लागतात तोच क्षण ठिणगीचा. कागद सैल होऊन त्याच्या बोटांत आला. तिथेच त्याने बोल्ट आवळले. झाकण लावलं. हे करताना तो जगनला विसरला होता, आणि विसरलो हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

झाकणाचा शेवटचा स्क्रू बसला आणि त्याचा डावा हात मॅग्नेटोच्या मागे गेला. तार जिला जोडतात त्या खिळीवरचा नट त्याने दोन बोटांनी चाचपला, आणि तिथून खाली सरकून तार पकडून दोन हलके हिसके दिले.

"थांबा," चित्रे म्हणाले. "हात तिथेच ठेवा. आत्ता काय केलंत?"

"काही नाही. तार ओढून पाहिली."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का पाहिलीत?"

अकरा वर्षं दिनानाथ झाकण लावल्यावर तार ओढत आला होता. इतकी वर्षं केलेलं काम डोक्यात राहत नाही, ते हातात जाऊन बसतं. म्हणूनच त्याला ते आठवत नव्हतं.

पण त्याचं लक्ष आता दुसरीकडेच होतं. बोटांना काहीतरी चिकट लागत होतं. त्याने वाकून पाहिलं. तारेचं उघडं टोक मागे वळवलेलं होतं आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चार वेढे, नीट दाबून बसवलेले. तारेचा नट खिळीवर परत फिरवून ठेवला होता, हरवू नये म्हणून.

"ही पट्टी माझी नाही," दिनानाथ म्हणाला.

"ते मला सकाळीच कळलं. तुम्हाला कळायला हवं होतं."

४

"आता डोकं चालवा," चित्रे शेडीच्या दारात स्टुलावर बसून म्हणाले. "तार सोडून तशीच लोंबती ठेवली असती तर काय झालं असतं?"

"हलता हलता इंजिनाच्या लोखंडाला लागली असती. लागली की मॅग्नेटो गप्प."

"म्हणजे पट्टी गुंडाळणाऱ्याने उरलीसुरली वाटही बंद केली. कोणाला मारायचं असतं तर हुशारी म्हटली असती. पण मारणारा माणूस नट जपून ठेवत नाही. ज्याला तार नंतर परत लावायची आहे तो जपून ठेवतो. मग त्याने पट्टी का गुंडाळली? तुम्ही गुंडाळाल?"

"छे. त्या तारेत बॅटरीची वीज थोडीच असते? या विमानात बॅटरीच नाही."

"ज्याला ते ठाऊक नाही, त्याला त्या टोकाची भीती वाटते. लोखंडाला लागलं तर ठिणगी उडेल, आग लागेल. तो काळजीने गुंडाळतो." चित्र्यांनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं. "तार सोडली की इंजिन मेलं, असं कुठल्या गाडीत होतं, टिपणीस?"

उत्तर दिनानाथला ठाऊक होतं. मोटारीत. ट्रकमध्ये. बॅटरीकडून कॉइलला वीज देणारी तार सोडली की ट्रक जागचा हलत नाही.

कॅप्टन धर्मराजांना बोलावलं. ते चिडलेले होते आणि चिडण्याआड घाबरलेले होते. स्विचवरून कोणी आपल्याला धरील, ही धास्ती. चित्र्यांनी स्विचचं नावही काढलं नाही.

"गुरुवारी कुठे निघाला होतात?"

"मुंबईला परत. इथलं काम संपलं होतं. भुकटीची पेटी काढून पुढची बैठक बसवली होती. जगनला बरोबर नेणार होतो. महिनाभर गाढवासारखा राबला, म्हटलं एकदा वरून बघू दे त्याचं गाव."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"त्यानेच पार पलीकडच्या विचुंबे गावापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं," कॅप्टन म्हणाले, आणि मान फिरवून बाहेर बघत राहिले.

मग राखणदार विठू आला. बुधवारी अंधार पडताना तो ताडी प्यायला गेला होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तरी त्याने कानांवर हात ठेवले.

"कोन नाय आला, साहेब. देवाशपथ. परका मानूस शेडीत पाय ठेवनार नाय मी असताना."

"परका नाही. आपला कोण आला?"

"आपला म्हंजे..." विठूने दिनानाथकडे पाहिलं. "गनू आलेला. जगनचा डबा घेऊन. पन जगन तवा घरीच गेलेला, आन् गनू काय परका नाय, म्हनून त्याला शेडीत बसवून मी जरा भायेर गेलो. मालूचा सख्खा भाऊ."

मालू म्हणजे जगनची बायको. आणि तिचा भाऊ गणू पुणे रस्त्यावरच्या गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचा.

५

गॅरेजात एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले होते. चित्र्यांनी काही न बोलता खिशातून काळ्या पट्टीचा तुकडा काढला आणि जमिनीवर, त्या पायांशेजारी ठेवला. पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग गणू सरपटत बाहेर आला. दोन दिवसांत दाढी वाढली होती आणि डोळे सुजलेले होते.

"मना धरा," तो म्हणाला. "मी कवापासून वाट बघतोय, कोन येतोय त्याची."

त्याने लपवलं काहीच नाही. मालू रडत त्याच्याकडे आली होती. नवरा गुरुवारी आकाशात जाणार म्हणून तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. नवऱ्याला सांगून पाहिलं, तो हसला. मग भावाला म्हणाली, काहीतरी कर, ते इमान बंद पाड.

"मी बोललो, त्यात काय. एक तार सोडायची. सकाली चालू व्हनार नाय, खटपट करतील, कंटाळतील. जगन्याची हौस फिटंल. संध्याकाली जाऊन लावून टाकीन. नट पन जागंवर ठेवला, साहेब. आग लागू नये म्हनून पट्टी गुंडालली. चार येढे दिले." त्याने हात पुढे केले, जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते. "ट्रक असता तर मेला असता. ह्यो जिता कसा झाला?"

चित्र्यांनी त्याला समजावलं. मॅग्नेटो, तार, लोखंड. गणू ऐकत गेला तसतसा खाली बसत गेला.

"शेवटचं विचारतो," चित्रे म्हणाले. "त्या इंजिनात दहा-वीस तारा आहेत. नेमकी हीच तुला कशी ठाऊक?"

गणूने मान वर केली. त्याने चित्र्यांकडे पाहिलं नाही, दिनानाथकडे पाहिलं.

"मिस्त्रींनीच दाखवली व्हती. दसऱ्याला."

दिनानाथला ती सकाळ आठवली. इंजिनाला झेंडूची माळ घातलेली, गाव जमलेलं, झाकण उघडं. गणूने विचारलं होतं, मिस्त्री, ह्यो बंद कसा करता? आणि लोक ऐकताहेत म्हणून दिनानाथने तारेवर बोट ठेवून ऐटीत सांगितलं होतं, "इंजिन जिवंत की मेलेलं, ते या एका तारेवर." गणूने सगळं समजल्यासारखी मान हलवली. ही तार ट्रकच्या नेमकी उलट आहे, हे सांगायचं दिनानाथच्या ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, ट्रकवाल्याला काय करायचंय एवढं कळून? अर्धंच सांगितलं की आपली विद्या मोठी दिसते.

"खरं आहे," दिनानाथ म्हणाला. गणूच्या नजरेला नजर देणं त्याला जमलं नाही.

गणूने चित्र्यांचे पाय धरले. "माजं नाव लिवा. काय ती शिक्षा द्या. पन मालूनं सांगितलं हे लिवू नका. मी तिला बोललोय का मना जमलं नाय, मी शेडीत गेलोच नाय. तिला कळलं तर ती हिरीत उडी घालंल."

"कोणी केलं ते मला लिहावं लागेल," चित्रे पाय सोडवत म्हणाले. "का केलं, तो रकाना माझ्या कागदात नाही. टिपणीस, रजिस्टरातली तुमची खोटी नोंद मात्र मी लिहिणार. लायसन्स सहा महिने तरी जाईल. तुम्ही इंजिन चालवून पाहिलं असतंत तरी जगनचा हात वाचला नसता, गणू नंतर आला. पण सही खोटी ती खोटीच."

"लिहा," दिनानाथ म्हणाला. सहा महिने त्याला फारच थोडे वाटले.

६

शनिवारी तो दवाखान्यात गेला. मालूला काही कळू द्यायचं नाही, हे त्याने गॅरेजातून निघताना गणूला वचन दिलं होतं. तार सुटली होती, एवढंच जगनला सांगायचं आणि परत यायचं.

जगन उताणा पडला होता. उजवीकडे चादर सपाट होती. मालू खाटेशेजारी जमिनीवर बसून पेज ढवळत होती. दिनानाथला बघून जगन उठायला गेला.

"पडून राहा."

"भाऊ, तुमचं ऐकलं नाय मी," जगन म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "तुमी सांगायचा, पंख्याम्होरं आत झुकू नको. मी झुकलो असंन. रोज रातभर तेच बगतोय, पाय कुठं व्हता, हात कुठं व्हता. लोकं बोलतात, जगन्याला माज आलेला. बराबर बोलतात. माज्या हातानं माजा हात घालवला. आता ह्या बाईला कोन पोसनार?"

दिनानाथने हे धरलंच नव्हतं. अपराध्यांची मोजदाद करताना त्याने स्वतःला धरलं होतं, गणूला, मालूला, ताडी पिणाऱ्या विठूलासुद्धा. ज्याचं काहीच चुकलं नव्हतं तो माणूस तीन दिवस सगळ्यांचा अपराध एकट्याच्या अंगावर घेऊन पडला होता.

"तुझं काही चुकलं नाही, जगन. मॅग्नेटोची तार सुटलेली होती. स्विच बंद असून इंजिन जागं होतं. कोणीही असता तरी हेच झालं असतं."

जगन कसनुसा हसला. "तुमी चांगलं मानूस हाव. मना बरं वाटावं म्हनून बोलताय. तुमच्या हातची तार कवा सुटलीय?"

"खरंच सुटली होती."

"मग सोडली कोनी?"

दिनानाथने गणूला वचन दिलेलं होतं. आणि वचन पाळायचं तर या माणसाने जन्मभर आपले पाय कुठे होते ते आठवत बसायचं. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

पेज ढवळणारा हात थांबला होता.

"कंची तार?" मालूने विचारलं. "शेडीतली?"

दिनानाथने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने वाचलं. तिला फार वेळ लागला नाही. तीन दिवस भाऊ दवाखान्याची पायरी चढला नव्हता, हे तिनेही मनात कुठेतरी टिपून ठेवलं असणार. तिने भांडं खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि खाटेच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली.

"गनूनं सोडली," ती म्हणाली. "मी बोललेली त्याला. इमान बंद पाड म्हनून. तुमी वर जाऊ नये म्हनून मी बोललेली."

एवढं बोलून ती तशीच उभी राहिली, मार खायला उभं राहावं तशी. खोलीत पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. जगन छताकडे बघत होता. मग त्याने मान वळवली, बायकोकडे नाही, दिनानाथकडे.

"म्हंजे भाऊ, मी बराबर उभा व्हतो?"

"बरोबर उभा होतास. मी बघत होतो. एक बोटभर चुकला नव्हतास." दिनानाथ म्हणाला. "आणि गणूला ती तार मी दाखवली होती. अर्धीच गोष्ट सांगून. ऐट दाखवायला."

ते जगनने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. त्याने डावा हात चाचपडत पुढे केला आणि मालूच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

"तीन दिस झोप नाय लागली मना," तो म्हणाला. "आता लागंल. तू हितंच बस."

मालू खाटेच्या कडेला बसली. दिनानाथला कोणी बस म्हणालं नाही, आणि तो उभाच राहिला.